उशाखाली कोळसा, खिशातून पेट्रोल

माजरीच्या स्टेशनावर उभे राहिले की एकामागून एक कोळशाच्या मालगाड्या जाताना दिसतात. १९७३ साली कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ साली वेस्टर्न कोलफिल्ड्स उभी राहिली आणि वर्धा नदीच्या या काठावरची वावरे एकेक करून खाणीत गेली. इथला कोळसा विजेच्या कारखान्यांत जळतो. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. तारा आमच्या पऱ्हाटीवरून जातात, राख आमच्या ज्वारीवर बसते आणि वीज जिथे जायची तिथे जाते.

आता याच मुलखातल्या कास्तकाराच्या दारात काय उभे आहे ते पाहा. एक मोटारसायकल, बहुधा हप्त्यावर घेतलेली, आणि भिंतीला टेकलेली एक जुनी काळी सायकल, जिच्या मागच्या चाकात हवा नाही. वरोरा असो, भद्रावती असो की नदीपलीकडचे वणी, बियाण्याची एक थैली, औषधाची एक बाटली किंवा सातबाऱ्याचा एक कागद आणायला लिटरमागे शंभरावर रुपये मोजून पेट्रोल जाळावे लागते. वीज तयार होते आमच्या उशाशी आणि आम्ही जाळतो अरबस्तानातून आलेले तेल! हा उलटा कारभार सरकार कधी सुधारेल याची वाट पाहत बसायची गरज नाही. त्याचा एक लहानसा तुकडा आपल्याच अंगणात पाना आणि कानस घेऊन सुधारता येतो. भिंतीला टेकलेल्या त्या सायकलला विजेची मोटार बसवता येते. या अंकात आम्ही त्याचाच हिशोब मांडणार आहोत.

सुरुवातीलाच सांगतो, हा चमत्कार नाही आणि नवलही नाही. सायकलच्या मागच्या चाकाच्या हबमध्येच विजेची मोटार बसवण्याचे पेटंट अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन नावाच्या गृहस्थाला १८९५ सालीच मिळाले होते. कल्पना तेव्हाच पक्की होती, नव्हती ती हलकी बॅटरी. ती गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आली आणि चीनमध्ये आज तीस कोटींहून अधिक विजेच्या दुचाक्या आणि सायकली रस्त्यावर आहेत. तिथला शेतकरी भाजीची टोपली तिच्यावरूनच बाजारात नेतो.

आपल्या महाराष्ट्रातही हे काम झाले आणि ते शेतीच्या संस्थेत झाले, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. सातारा जिल्ह्यातल्या फलटणला ब. वि. निंबकरांनी १९६८ साली निंबकर कृषी संशोधन संस्था सुरू केली. गोड ज्वारीपासून इथेनॉल काढण्याचे काम या संस्थेने केले आणि 'मधुरा' हे गोड ज्वारीचे वाण दिले. ते आमच्या ज्वारी पिकवणाऱ्या वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९८१ साली अमेरिकेतून परतून तिथे आलेले डॉ. अनिल राजवंशी यांनी १९९० च्या दशकात सायकलरिक्षा हाती घेतली. माणसाने माणसाला ओढण्याचे कष्ट कमी व्हावेत म्हणून आधी सुधारलेली पायडल रिक्षा, मग पायडलला मोटारीची जोड दिलेली रिक्षा आणि शेवटी पूर्ण विजेवरची रिक्षा अशी तीन वाहने फलटणसारख्या तालुक्याच्या गावात तयार झाली. पुढे दहा-पंधरा वर्षांनी दिल्लीच्या रस्त्यांवर ई-रिक्षांचा पूर आला. त्यांचे बहुतेक सुटे भाग चीनमधून आलेले होते. २०१५ साली त्यांच्यासाठी कायदाही बदलावा लागला. डॉ. राजवंशींना २०२२ साली पद्मश्री मिळाली हे चांगलेच झाले. पण फलटणच्या रिक्षेला वेळेवर बाजार मिळाला असता तर ते अधिक चांगले झाले असते. अक्कल इथली आणि धंदा बाहेरचा, ही कापसाची कहाणी तंत्रज्ञानातही खरी ठरली.

आता मोटारीची ताकद किती ते समजून घेऊ. बैलजोडीची ताकद साधारण एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७५० वॅट धरतात. एका बैलाची झाली पावणेचारशे वॅट. धडधाकट माणूस तास-दोन तास सलग पायडल मारत राहिला तर त्याच्या पायांतून ७५ ते १०० वॅट मिळतात. सायकलला बसवायची मोटार २५० वॅटची, म्हणजे बैलाच्या ताकदीच्या दोन तृतीयांश. तुमच्या पायांत आणखी अडीच-तीन माणसांचे पाय जोडल्यासारखे. उलट्या वाऱ्यात, चढावर किंवा मागे चाळीस किलोचे पोते असताना याचा अर्थ काय होतो ते सायकल चालवलेल्या माणसाला सांगायला नको.

लागणारे सामान एका टोपलीत मावते. हबमध्ये मोटार असलेले चाक, मोटारीला हवा तेवढा प्रवाह सोडणारा कंट्रोलर, ३६ व्होल्टची बॅटरी, तिचा चार्जर, पायडल फिरते आहे हे ओळखणारा सेन्सर किंवा हँडलवरचा थ्रॉटल, आणि ब्रेक दाबताच मोटार बंद करणारे ब्रेकचे दांडे. हे सारे संच म्हणून मिळते. जोडणी रंगाला रंग आणि कनेक्टरला कनेक्टर अशी असते. पंपाचा स्टार्टर उघडून दुरुस्त करणाऱ्या आमच्या पोरांना ती अवघड नाही.

अडचण येते ती आमच्या सायकलीची. हे संच शहरी सायकली डोळ्यांसमोर ठेवून बनवतात. त्यामुळे पैसे मोजण्याआधी चार गोष्टी तपासाव्यात.

पहिली गोष्ट चाकाची. आमच्या काळ्या सायकलचे चाक २८ इंची असते, बाजारातले बरेच संच २६ इंची चाकाचे असतात. आमच्या पुढच्या रिमला ३२ आणि मागच्या रिमला ४० स्पोक असतात, मोटारीच्या हबला बहुधा ३६ भोके असतात. नुसती मोटार आणून जुन्या रिममध्ये विणायला गेलात तर भोकाला भोक जुळणार नाही. म्हणून मोटार विणलेले तयार चाकच घ्यावे आणि ते आपल्या चिमट्यात व ब्रेकमध्ये नीट बसते का हे दुकानातच पाहावे.

दुसरी गोष्ट चिमट्याची. मोटारीचा आस जाड असतो आणि दोन बाजूंनी चपटा केलेला असतो. तो बसण्यासाठी आमच्या चिमट्याची खाच कानशीने थोडी रुंद करावी लागते. मोटार चाक पुढे ढकलते तेव्हा तेवढ्याच जोराने आसाला मागे पिळते. नुसत्या नटाच्या भरवशावर राहिलात तर आस खाचेत फिरतो, वायर तुटते आणि चाक निखळूही शकते. त्यासाठी आसाला पकडून चिमट्याला बांधणारी लोखंडी पट्टी मिळते, तिला टॉर्क आर्म म्हणतात. ती पन्नास रुपये वाचवण्यासाठी गाळू नये. आमच्या सायकलचा चिमटा लोखंडी असतो, ही जमेची बाजू. ॲल्युमिनियमच्या चिमट्यात पुढची मोटार बसवू नये.

तिसरी गोष्ट पुढे की मागे ही. पुढच्या चाकात बसवणे सोपे, कारण चेन आणि फ्रीव्हीलला हात लावावा लागत नाही. पण ओल्या काळ्या मातीत आणि सैल गिट्टीवर पुढचे चाक घसरते. ओझे मागे असेल तर पुढच्या चाकावर भारही कमी पडतो. ज्याचे जाणे डांबरी सडकेने आहे त्याने पुढे बसवावी. ज्याला पांदणीने जायचे आणि मागे ओझे न्यायचे आहे त्याने मागे बसवावी आणि त्यासाठी मिस्त्रीची मदत घ्यावी. भर पावसाळ्यात काळ्या मातीची पांदण कोणत्याच मोटारीला ऐकत नाही हेही ध्यानात असू द्यावे.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ब्रेकची. आमच्या सायकलींचे सळईचे ब्रेक बारा-पंधराच्या वेगासाठी आहेत आणि पावसात ते तेवढेही काम देत नाहीत. पंचवीसच्या वेगाने जाणाऱ्या सायकलला केबलचे चांगले ब्रेक हवेत. मोटार बंद करणारी कळही केबलच्या दांड्यातच असते. म्हणजे ब्रेक आधी बदलायचे आणि मोटार नंतर बसवायची.

आता रुपयांचा हिशोब. ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे ३६० वॅट-तास, विजेच्या मीटरवर सुमारे पाव ते अर्धा युनिट. चार्जरची गळती धरून आपण अर्धा युनिट मानू. सोबत पायडल मारत राहिले तर एका चार्जमध्ये सपाट सडकेवर पंचवीस किलोमीटर सहज होतात. युनिटला दहा रुपये असा चढा दर धरला तरी वीज झाली पाच रुपयांची. मोटारसायकल लिटरला पन्नास किलोमीटर देते असे धरले तर पंचवीस किलोमीटरला अर्धा लिटर पेट्रोल, म्हणजे पन्नासच्या वर रुपये. पाच विरुद्ध पन्नास! दुकानदार हिशोब इथेच थांबवतो.

आम्ही थांबणार नाही. बॅटरी झिजते. समजा ती दहा हजारांची आहे आणि पाचशे वेळा पूर्ण चार्ज होऊन निकामी झाली. म्हणजे दर चार्जमागे वीस रुपये झीज. विजेचे पाच मिळवले तर पंचवीस. म्हणजे पेट्रोलच्या निम्मा खर्च, दहावा हिस्सा नव्हे. दर पंचवीस किलोमीटरला पंचवीस-सत्तावीस रुपये वाचले आणि मोटार, कंट्रोलर व ब्रेक यांना आठ हजार लागले, तर ते फिटायला तीनशे दिवस लागतात. रोज पंचवीस किलोमीटर जाणाऱ्याचे पैसे वर्षात वसूल होतात. दूधवाला, खाणीवर ठेकेदाराकडे कामाला जाणारा पोरगा, गवंडी, तालुक्याच्या कॉलेजात जाणारी मुलगी, यांनी जरूर विचार करावा. जो फक्त आठवडी बाजाराला जातो त्याने या फंदात पडू नये. बॅटरी वापरली नाही तरी जुनी होतेच, आणि पाच-सहा वर्षांत पैसे फिटायच्या आत ती बाद होईल.

दुसऱ्या बाजूने पाहा. बॅटरीसह संच साधारण पंधरा ते पंचवीस हजारांत पडतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये जाहीर झाला. म्हणजे दोन ते सव्वातीन क्विंटल कापूस, आणि तोही हमीभावाने विकला गेला तर. कोरडवाहू वावरात हा एका एकराचा माल होऊ शकतो. म्हणून कर्ज काढून सायकल करू नये. पण घरात दुसरी मोटारसायकल घ्यायचा विचार चालू असेल, तर त्या पाऊण लाखाच्या हप्त्यांआधी ही सायकल डोळ्यांसमोर आणावी.

बॅटरीबद्दल आम्ही जरा कठोरपणे लिहिणार आहोत, आणि त्याला कारण आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या वेळी औषधांबरोबरच जोरदार, बारीक तुषार उडवणाऱ्या पंपांचीही चर्चा झाली. यंत्र गावात आले, पण ते कसे वापरायचे याचे ज्ञान आले नाही. विकणाऱ्याने सांगितले नाही आणि सांगायची ज्यांची नोकरी होती तेही गप्प राहिले. सायकलच्या बॅटरीबाबत ते पुन्हा घडू द्यायचे नाही.

तर नीट ऐका. ज्या खोलीत कापूस साठवला आहे त्या खोलीत बॅटरी चार्जिंगला लावायची नाही. भाव वाढेल म्हणून आपण घरातच कापूस ठेवतो, त्याच्याच शेजारी झोपतो. लिथियमची बॅटरी बिघडून पेटली तर पाण्याने सहज विझत नाही. बाजूला कापूस असेल तर वर्षाचे पीक आणि घर दोन्ही जातील. बॅटरी ओसरीत, फरशीवर, जाग असताना चार्ज करावी. रात्री लावून झोपू नये. आमच्या भागात उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. उन्हात उभ्या केलेल्या सायकलची तापलेली बॅटरी लगेच चार्ज करू नये, सावलीत निवू द्यावी. चार्जर त्याच बॅटरीचा असावा, शेजाऱ्याचा चालणार नाही. आत संरक्षण करणारे सर्किट नसलेली, जुन्या लॅपटॉपच्या सेलांची जोडलेली स्वस्त बॅटरी फुकट दिली तरी घेऊ नये. जमत असेल तर लिथियम-आयर्न-फॉस्फेटची बॅटरी घ्यावी. ती थोडी जड आणि महाग असते, पण लवकर पेट घेत नाही आणि कितीतरी जास्त वेळा चार्ज होते.

फवारणी पंपातल्या तीन बॅटऱ्या जोडून काम भागेल का, असा विचार अनेकांच्या मनात येईल. १२ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या जोडल्या की ३६ व्होल्ट होतात हे खरे. पण फवारणीचा पंप थोडाच प्रवाह ओढतो, सायकलची मोटार चढावर दहा-बारा अँपिअर ओढते. ती लहान शिशाची बॅटरी एवढ्या ओढीने आपली निम्मीच शक्ती देते आणि एका हंगामात बसते. मोटार चालते की नाही हे पाहण्यापुरती जोडावी, रोजच्या कामाला नाही.

कायद्याचे काय? केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे ज्या सायकलची मोटार पाव किलोवॅटपेक्षा कमी ताकदीची आहे आणि पंचवीसच्या वेगाला पोहोचताच किंवा पायडल थांबताच मदत बंद करते, ती मोटार वाहन धरली जात नाही. तिला नोंदणी, परवाना, नंबर प्लेट लागत नाही. दुकानदार पाचशे किंवा हजार वॅटची मोटार दाखवून भुरळ घालतील, तिथे सावध राहावे. ती बसवली की तुमची सायकल कायद्याने बिननोंदणीची मोटार गाडी होते, आणि अपघात झाला तर कोर्टात उभे तुम्हीच राहता. पायडलच्या सेन्सरवर चालणारी, मर्यादेतली मोटार हीच शहाण्याची निवड.

आता सरकारकडे वळू. २०२४ साली राज्य सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज दिली. ज्याच्याकडे विहीर आणि पंप आहे त्याला ती मिळाली. पण राज्यातला बहुतांश पेरा पावसाच्या भरवशावर आहे. कोरडवाहू कापूस आणि ज्वारीवाल्याकडे पंपच नाही, मग त्याला फुकट काय मिळाले? केंद्राने २०१९ ते २०२४ या काळात विजेच्या वाहनांना अनुदान दिले, त्यातून शहरातल्या स्कूटर स्वस्त झाल्या. सायकल त्या यादीतच नव्हती. आणि कराचा न्याय पाहा. तयार विजेच्या गाडीवर जीएसटी ५ टक्के, पण लिथियम बॅटरी सुटी विकत घेतली तर १८ टक्के. जो लाखभराची तयार गाडी घेतो त्याला सवलत, आणि जो घरची जुनी सायकल घरीच सुधारतो त्याला दंड! सप्टेंबर २०२५ मध्ये साध्या सायकलवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. मग त्याच सायकलला बसणाऱ्या बॅटरीने काय पाप केले?

आम्ही अनुदान मागत नाही. अनुदान आले की त्याच्या मागे दलाल येतो, यादी येते आणि दुप्पट किमतीचा संच येतो. आमचे मागणे एवढेच, की सायकलच्या बॅटरीवर आणि सुट्या भागांवर तयार गाडीइतकाच कर लावा. आयटीआयमध्ये आणि सिंदेवाहीच्या कृषी विज्ञान केंद्रात या जोडणीचे दोन-चार दिवसांचे वर्ग घ्या. आणि आमची वाट सोडा.

कारण खरा प्रश्न वाटेचा आहे. माजरीच्या रस्त्यांवर कोळशाचे ट्रक आणि गडचिरोलीत सूरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक चालतात. सडकेच्या कडा तुटलेल्या, हवेत धूळ, आणि सायकलवाल्याला पाऊलभर जागा नाही. खनिजावरच्या रॉयल्टीसोबत जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी गोळा होतो, तो खाणीने बाधित झालेल्या लोकांसाठीच आहे. त्यातून ट्रकच्या सडकेला लागून सायकलची पक्की पट्टी बांधावी, ही मागणी प्रत्येक ग्रामसभेने ठरावाने करावी. दुसरा प्रश्न वाघाचा. फेब्रुवारी २०२२ मध्ये चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या आवारात वाघाने कामगाराला मारले. जंगलातल्या वावरात जाणाऱ्यांची गोष्ट तर वेगळी सांगायला नको. मोटारीची सायकल आवाज करत नाही. झाडीतल्या वाटेने पहाटे किंवा तिन्हीसांजेला एकट्याने जाऊ नये, दोघा-तिघांनी मिळून जावे, दिवा मोठा आणि घंटी सतत वाजती ठेवावी. सायकल वेगवान झाली म्हणून वाघ मंद होत नाही.

एवढे सगळे सांगून आम्ही काय म्हणतो? मोटारीची सायकल कास्तकाराचे कर्ज फेडणार नाही, कापसाला भाव देणार नाही. पण शेतीमालाचा भाव आपल्या हातात नसताना खर्चाची जी थोडी सूत्रे हातात आहेत ती सोडू नयेत. यंत्र समजून घेऊन स्वतः जोडणारा माणूस दुकानदारासमोर आणि साहेबासमोर वेगळ्या आवाजात बोलतो. बियाणे असो, पंप असो की सायकल, तंत्रज्ञान कोणते वापरायचे हे ठरवण्याचा हक्क वापरणाऱ्याचा आहे. तो हक्क ज्ञानाशिवाय टिकत नाही.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक काम करून यावे. गावातून रोज दहा ते तीस किलोमीटर जाणारे किती जण आहेत, कशाने जातात आणि महिन्याचे पेट्रोल किती रुपयांचे होते, हे घरोघरी विचारून एका कागदावर मांडावे. ज्यांनी सायकलला मोटार बसवली आहे त्यांनी ती सायकल घेऊनच यावे आणि खर्चाच्या पावत्या सोबत आणाव्यात. चालली असेल तर चालली आणि बिघडली असेल तर कुठे बिघडली, दोन्ही सगळ्यांसमोर सांगावे. सायकल खोलून पाहायला पाने आणि कानशी आम्ही आणतो.